विहीणबाईंचा काढा

शिकागोच्या आसपास कुणाचंही मराठी लग्न असो, शेवटचं मंगलाष्टक माझं, हे कित्येक वर्षं ठरलेलं आहे. भटजी बदलतात, केटरर बदलतो, हॉल बदलतो, मी बदलत नाही. तशी मी गायिका वगैरे कुणी नाही. दिवसभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करते असं माझा नवरा म्हणतो. पण आवाज खणखणीत. माईक दगा देऊ दे, माझं मंगलाष्टक पार्किंगमध्ये ऐकू जातं.

माझ्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच हिवाळ्यात तो आवाज गेला.

सुरुवात साध्या सर्दीनं झाली. सर्दी गेली, खोकला राहिला. कोरडा, ठसक्याचा, बोलायला तोंड उघडलं की येणारा. आमच्या शॉमबर्ग उपनगरातला बर्फ वितळला, ट्युलिप येऊन गेले, तरी खोकला हलेना. सा लावला की घशातून दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज यायचा. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून बघितलं. गाठबीठ काही नाही, स्वरतंतू सुजलेत, खोकून खोकून आणखी सुजतात, म्हणाले. पाणी प्या, बोलणं कमी करा, धीर धरा. बाकीचं मी केलं, पण बोलणं कमी करा हे मला सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस सांगण्यासारखं होतं. तेही करून बघितलं. आठवडाभर घरात एवढी शांतता होती की नवरा दोनदा विचारून गेला, तू रागावली आहेस का?

मग मुलीनं तोडगा काढला. मुलगी इथंच जन्मलेली, पेशानं आर्किटेक्ट, प्रत्येक अडचणीवर तिच्याकडे नकाशा तयार असतो.

"आई, डोन्ट स्ट्रेस. तुझं जुनं रेकॉर्डिंग आहे ना, मागच्या एका लग्नातलं? डीजे प्ले करेल. इट्स युअर व्हॉइस ओन्ली."

माझा संताप झाला. गावभरच्या पोरींना मी गाऊन सासरी धाडलं आणि माझ्या पोरीच्या वेळी मी शालू नेसून, लॅपटॉपमधून येणारा माझाच आवाज ऐकत उभी राहू? आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे खरं तर मुलीच्या आईनं लग्न लागताना मांडवात थांबायचंच नसतं. तिनं तुळशीपाशी जाऊन पाणी घालायचं. ती रीत मी केव्हाच बाजूला ठेवली होती, ती काय लॅपटॉपसाठी? मी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "मी गाणार." ते वाक्यसुद्धा खोकल्यानं मधोमध तुटलं. मुलीनं वडिलांकडे बघितलं, वडिलांनी छताकडे.

त्या रविवारी होणाऱ्या विहीणबाई आमच्याकडे जेवायला आल्या.

जावई शिकागोतच वाढलेला, चिनी घरातला. त्याच्या आईंनी तरुणपणी चीनमध्ये शाळेत गणित शिकवलं, मग इथं येऊन बँकेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन चायनाटाउनमध्ये एकट्या राहतात. इंग्रजी चांगलं, पण जपून वापरतात, जणू रेशनवर मिळालंय. मी त्यांना पहिल्याच भेटीत विहीणबाई म्हणजे काय ते समजावलं होतं, आणि तेव्हापासून त्या याच हाकेला ओ देतात. जेवताना मी पाच-सहा वेळा खोकले. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "थुंकी येते? रात्री घाम येतो? तोंड कोरडं?" समोर श्रीखंड होतं. नवऱ्यानं चमचा बाजूला ठेवला.

"शनिवारी माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. मला तशी माणसं आवडतात.

नवरा केमिकल इंजिनिअर. त्याचं म्हणणं, शुद्धता माहीत नाही, मात्रा माहीत नाही, अशी पाचोळ्याची पुडी उकळून प्यायची आणि मग देवाचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, तुझ्या आईचा अडुळशाचा काढा तू लग्नाआधी पंचवीस वर्षं प्यायलास, तेव्हा शुद्धता कुठं विचारलीस? तो म्हणाला, तो आपला होता. घ्या! वाद तिथंच संपला.

चायनाटाउनमधलं ते दुकान एका बेकरीच्या शेजारी आहे. आत गेल्या गेल्या मला माझ्या गावचं, अमरावतीचं काष्ठौषधीचं दुकान आठवलं. तोच वास, लाकूड, साली, सुकलेली फळं, थोडी धूळ. छतापर्यंत लहान लहान खण. आतल्या खोलीत वैद्यबाई बसतात. चाळिशीच्या, पांढरा कोट, भिंतीवर राज्य सरकारचा परवाना लटकवलेला. त्यांनी माझी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली आणि प्रश्न विचारले. झोप, भूक, पोट, पाय गार पडतात का, पाणी गार आवडतं की कोमट. इतक्या महिन्यांत माझ्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती. घशाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारून घेतलं, आणि खोकल्यातून रक्त आलं किंवा ताप आला तर माझ्याकडे येऊ नका, तिकडेच जा, हेही बजावलं. मला बरं वाटलं. सगळं मीच बरं करते म्हणणाऱ्या माणसापासून मी दहा हात लांब राहते.

मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता? गोळ्या, पूरक, जडीबुटी?"

"काही नाही," मी म्हटलं.

हे वाक्य लक्षात असू द्या.

चिनी काढा कसा बांधतात ते त्यांनी मला सांगितलं. एकच औषध कधी देत नाहीत. एक मुख्य वनस्पती, जी रोगाच्या अंगावर जाते. दोन-चार तिला साथ देणाऱ्या. एखादी मुख्य औषधाचा तिखटपणा कमी करणारी. आणि शेवटी एक गोड मूळ, जे सगळ्यांना सांभाळून घेतं, भांडू देत नाही. मी मनात म्हटलं, प्रत्येक घरात अशी एक काकू असते. माझ्या पुडीत लिलीच्या कंदाच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या, संत्र्याची वर्षानुवर्षं मुरवलेली साल होती, जर्दाळूच्या बिया होत्या, कसलीशी पिवळट मुळं आणि चकत्या होत्या. शिवाय सुपारीएवढ्या तपकिरी बिया वेगळ्या, गरम पाण्यात टाकल्या की सब्जासारख्या फुलतात, पण सब्जाच्या दहापट. त्याचं पाणी घशासाठी.

पहिल्या दिवशी मी ती पुडी प्रेशर कुकरमध्ये टाकली. आपल्याकडे जे शिजायला वेळ लागतो ते कुकरमध्ये जातं, त्यात विचार काय करायचा! तिसऱ्या शिट्टीला विहीणबाई फोनवर होत्या. त्यांनी विचारलं, हा आवाज कसला? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मेट्रा ट्रेन पकडून आमच्याकडे आल्या, मांडीवर मातीचं भांडं घेऊन, आणि माझा कुकर त्यांनी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवून दिला. भिजवायचं, मंद आचेवर उकळायचं, गाळायचं, त्याच चोथ्यात परत पाणी घालून पुन्हा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करायचं. धातूचं भांडं नको. झाकण सतत उघडायचं नाही. हे मला करून दाखवलं आणि मग दर रविवारी त्या स्वतःच यायला लागल्या, मी नीट करते का ते बघायला. काढ्यानंतर पेअर पोखरून त्यात खडीसाखर घालून वाफवायच्या. खडीसाखर बघून मला भरून आलं. माझी आईसुद्धा खोकल्याला खडीसाखर द्यायची.

मला बोलायची बंदी, त्यांना बोलायची सवय नाही. आम्ही दोघी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून भांड्याकडे बघत असू. माझ्या आयुष्यात एवढी कमी बोलून झालेली मैत्री दुसरी नाही.

आणि गुण येत होता. खोटं कशाला सांगू? काढ्यानं आला, बिनबोलण्यानं आला की उन्हाळा लागला म्हणून आला, ते मला ठाऊक नाही आणि छातीठोकपणे कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. पण झोप लागायला लागली. ठसका दिवसातून कमी येऊ लागला. सकाळी हळूच सा लावला की बिजागरी कुरकुरत नव्हती. मी रोज थोडं थोडं पुढं सरकत होते, आणि मंगलाष्टकाच्या चार ओळी घोळवत होते.

मग पाय सुजले.

आधी मोज्यांच्या खुणा राहायला लागल्या. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, असे की खुर्चीवरून उठून नाचावं लागे. डोकं जड. एक दिवस ऑफिसचा जिना चढले आणि गुडघ्यात जीवच उरला नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी रक्तदाब बघितला, परत बघितला, रक्त तपासलं. रक्तदाब चढलेला, पोटॅशियम खाली. त्यांनी विचारलं, लिकरिश खाता का, त्या काळ्या गोळ्या? मी म्हटलं, बुटाच्या पॉलिशसारख्या लागतात त्या? नाव काढू नका. मग मी काढ्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आजपासून बंद," म्हणाल्या. पोटॅशियमच्या गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, कारण तो घाबरला होता. पण "मी सांगत होतो" हे चार वेळा म्हणाला. मुलगी फोनवर रडवेली झाली. "आई, इट्स पॉयझनिंग यू! मी त्यांना कसं सांगू? शी इज गोइंग टू बी माय मदर-इन-लॉ यार!" आणि मग हळूच, "रेकॉर्डिंग आहे ना."

तेव्हा मी ठरवलं. काढा बंद, ठीक. जीव मलाही प्यारा आहे. पण लग्नाआधीच माझ्या मुलीच्या सासूवर सुनेच्या आईला विष पाजल्याचा आरोप लागणार असेल, तर तो खरा आहे की खोटा हे मी स्वतः बघणार. आयुष्यभर चुका शोधायचा पगार घेतला आहे. काम बिघडलं की आधी काय काय बदललं ते बघायचं, आरडाओरडा नंतर.

विहीणबाईंना फोन करून खरं खरं सांगितलं. "मी तुम्हाला आजारी पाडलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ते अजून ठरायचंय. शनिवारी चला."

वैद्यबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उगाच बाजू सावरली नाही, उठून पाठीमागचे खण उघडले आणि माझ्या काढ्यातला एकेक जिन्नस काउंटरवर मांडला. हे कशासाठी, ते कशासाठी. शेवटी त्या गोड मुळाच्या चकत्या ठेवल्या. "पाय सुजतात ते यानं," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला अगदी थोडं दिलंय. एवढ्यानं असं सहसा होत नाही."

मी सवयीनं एक चकती उचलून तोंडात टाकली.

आणि चव जिभेवर आली तशी मी जागच्या जागी थिजले. आधी लाकूड, मग गोड, मग गोडाच्या मागून येणारा तो किंचित कडवटपणा. मी पर्स उघडली. पर्समध्ये, ऑफिसच्या टेबलात, गाडीत, उशाशी, जिथं जिथं मी असते तिथं तिथं असलेली काडी बाहेर काढली आणि चकतीशेजारी ठेवली.

ज्येष्ठमध!

आवाज बसल्या दिवसापासून मी ते चघळत होते. गाणाऱ्या बाईच्या तोंडात ज्येष्ठमध असायचंच, त्यात सांगण्यासारखं काय आहे? सकाळी काडी तोंडात धरायची, चोथा झाला की दुसरी. वर नवरा पुण्याहून आला तेव्हा माझ्या बहिणीनं मोठा पुडा दिला होता, तो संपवायलाच हवा. वैद्यबाईंनी विचारलं होतं, दुसरं औषध घेता? डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, लिकरिश, म्हणजे इंग्रजीतलं ज्येष्ठमधच, खाता? दोघींना मी शपथेवर नाही म्हटलं असतं. औषध म्हणजे बाटलीतलं, गोळीतलं. ज्येष्ठमध म्हणजे घरातलं. लसणीची फोडणी दिली म्हणून कुणी औषध घेतलं म्हणतं का?

वैद्यबाईंनी काडी हातात घेतली, वास घेतला. "दिवसाला केवढं?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. विहीणबाई, ज्या कधी मोठ्यानं हसत नाहीत, त्या काउंटरला धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मलाही रडू आलं. सगळ्यांना सांभाळून घेणारी ती काकू. एक असली तर घर चालतं. मी घरात दहा भरल्या होत्या, मग रक्तदाब चढेल नाही तर काय?

तिथून मी सरळ डॉक्टरबाईंकडे काडी आणि पुडी दोन्ही घेऊन गेले. त्या म्हणाल्या, हेच. ज्येष्ठमध पूर्ण बंद, काढ्यातलं आणि पर्समधलं. पोटॅशियम जागेवर येईपर्यंत बाकीचंही नको. त्यानंतर हवं तर घ्या, पण ते मूळ वगळून, आणि मधून मधून रक्तदाब तपासून घ्यायचा. मी वैद्यबाईंचा फोन जोडून दिला आणि दोघी एकमेकींशी बोलल्या. मला मध्ये बोलू दिलं नाही. पुढे सूज उतरली, गोळे गेले, काढा नव्या बांधणीनं परत सुरू झाला. नवरा रोज रक्तदाब मोजायचा आणि आकडा ठीक आला की नाराजीनं मान हलवायचा. आजही कुणी घशासाठी काही विचारलं तर मी आधी दरडावते: चहात टाकता, विड्यात खाता, आजी पाठवते, जे जे असेल ते ते डॉक्टरला सांगा. घरातलं आहे म्हणून त्याचा गुण जात नाही आणि दोषही जात नाही.

पण या भानगडीत आठवडे गेले होते. लग्न तोंडावर आलं तेव्हा आवाज आला होता, तो पूर्वीचा नव्हता. माझी पट्टी काळी चार. तिथं तो फाटायचा. मी उतरत उतरत काळी दोनला आले. तिथं तो टिकत होता, जाडसर, पण माझा. मुलीनं सांगितलं, डीजेकडे रेकॉर्डिंग राहील, जस्ट बॅकअप. मी मान हलवली. भांडायला आवाज खर्च करायचा नव्हता.

ऑगस्टमधलं लग्न. आंतरपाट धरला, एका बाजूला माझी मुलगी मुंडावळ्या बांधून, दुसऱ्या बाजूला जावई. त्याच्यामागे विहीणबाई, लाल रेशमी झग्यावर मी दिलेली शाल घेऊन. वरमायेचा मान म्हणून आम्ही त्यांना खुर्ची दिली होती, पाय धुतले होते, ओटी भरली होती. त्या दिवशी त्यांनी बोटही हलवायचं नाही असं मी बजावलं होतं.

भटजींनी मला खूण केली. मी काळी दोनमध्ये सुरू केलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. हॉलमध्ये लोकांनी मान वर केली, ही कोण गातेय म्हणून, कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ठसका आला.

मी थांबले. गिळायला गेले, घसा कोरडा ठणठणीत. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, कुणी हलेना. आंतरपाटाच्या अलीकडून मुलीची मान थोडी वळली. कोपऱ्यात डीजेचा हात लॅपटॉपकडे गेला. मी तळहात वर करून त्याला थांबवलं. भटजी माझ्याकडे बघत होते आणि मी भटजींकडे, आणि माझ्याकडे आवाज नव्हता.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागून कुणी काकू कुजबुजल्या, "अगंबाई, वरमाय उठली!" विहीणबाई आंतरपाटाला वळसा घालून माझ्याकडे आल्या. शालीखालून लहानसा थर्मास काढला, झाकणात ओतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मुलाकडच्या बाईनं मुलीच्या आईला, भर मांडवात, लग्न लागायच्या आत.

मी प्यायले. कोमट पेअरचं पाणी, खडीसाखर, त्या फुगणाऱ्या बियांचा बुळबुळीतपणा. सवयीनं मी चव तपासली. ज्येष्ठमध नव्हतं.

त्या तिथंच थांबल्या, माझ्या शेजारी, हातात झाकण घेऊन. मी घसा साफ केला, ज्या शब्दावर अडले होते तो शब्द परत घेतला आणि मुलीचं लग्न लावलं.